साबणाची वीट, रक्ताची बाटली आणि शंभर मायक्रोफोन

‘साबणाच्या वड्या रचणे ही कला असेल, तर आमच्या कोपऱ्यावरचा वाणी थोर कलावंत!’ वर्गात शिल्पा गुप्ता यांचे नाव मी घेतले तेव्हा एका मित्राने हा टोला हाणला. सारे हसले, मीही हसलो. पण प्रश्न मनातून जाईना, म्हणून हा प्रपंच.

शिल्पाताई मुंबईच्याच. जन्म १९७६ चा, शिक्षण सर ज. जी. कला महाविद्यालयात, तेही शिल्पकलेचे. ज्या साबणांची थट्टा झाली ती ‘थ्रेट’ (२००८-०९) ही कलाकृती. विटांसारख्या साबणांची भिंत. प्रत्येक विटेवर ‘धमकी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द कोरलेला. प्रेक्षकाने एक वीट घरी न्यायची. वापरता वापरता शब्द झिजतो आणि इकडे भिंतही उतरत जाते. वाण्याच्या दुकानात हे होत नाही, एवढेच मित्राला सांगायचे आहे.

मला अधिक भिडते ते ‘ब्लेम’ (२००२-०४). कृत्रिम रक्ताच्या लहान बाटल्या घेऊन त्या मुंबईच्या लोकलमध्ये शिरल्या आणि प्रवाशांच्या हाती त्या देऊ लागल्या. रक्त पाहून धर्म ओळखता येतो काय, असा त्यामागचा सवाल. पुढे याच बाटल्या कलादालनात, लाल उजेडात, फळीवर मांडल्या गेल्या. माझ्या मते तिथे त्यांची धार थोडी कमी होते. दालनात येणारा मनाची तयारी करून येतो. डब्यात दोन स्थानकांच्या मध्ये सापडलेला माणूस जाणार कुठे?

मात्र दालनामुळे कलाकृती दुबळीच होते, असे म्हणावे तर २०१७-१८ ची शंभर मायक्रोफोनांची कृती आडवी येते. तिचे शीर्षक नसीमी या जुन्या कवीच्या ओळीवरून घेतले आहे. अंधाऱ्या खोलीत शंभर लोखंडी सळ्या, प्रत्येक सळीवर खुपसलेला कवितेचा कागद आणि वर लोंबता मायक्रोफोन. हा मायक्रोफोन ऐकत नाही, बोलतो. आठव्या शतकापासून आजवर लिहिण्यापायी वा विचारांपायी तुरुंगात गेलेल्या शंभर कवींचे शब्द एका आवाजात उमटतात, मग बाकीचे मायक्रोफोन ते उचलून धरतात. एडिंबरो आणि कोची येथे २०१८ मध्ये, व्हेनिसच्या द्वैवार्षिकात २०१९ मध्ये ही कृती मांडली गेली. ही लोकलच्या गोंगाटात ऐकूच आली नसती.

मी ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही. छायाचित्रे व ध्वनिमुद्रण यांवरच भागवले आहे. तरी ऐकताना शाळेतले भित्तिपत्रक आठवले. माझी एक कविता दुसऱ्याच दिवशी काढली गेली होती. कारण कुणी सांगितले नाही, मीही विचारले नाही. तुरुंगाशी याची तुलना करणे हास्यास्पद, हे कळते. पण खिळ्याला अडकून राहिलेला कागदाचा कोपरा मात्र मी बरेच दिवस जाता येता पाहत असे.