इंटरनेट आणि बालशिक्षण : एक विचार

विज्ञानाने ज्ञानाची कवाडे उघडली हे खरे. परंतु कवाड उघडणे आणि आत पाऊल टाकणे या भिन्न गोष्टी आहेत. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आज पनवेलच्या चाळीतील मुलेही ते वापरतात. त्यायोगे ती शिकतात काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१९९९ साली सुगत मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात एका भिंतीत संगणक बसविला. वस्तीतील मुले शिक्षकाविना, एकमेकांना दाखवीत तो चालवू लागली. यंत्र हाताळण्यास मुलांना गुरू लागत नाही, हे त्यातून दिसले. पण हाताळणे म्हणजे शिकणे नव्हे. २०२४ च्या ‘असर’ या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमे वापरली होती. अभ्यासासाठी फोन वापरणारे मात्र ५७ टक्केच होते.

याउलट, सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे उदाहरण पाहा. तेथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. फोन त्यावर धरताच त्याच धड्याचे दृक्‌श्राव्य साहित्य समोर येते. या कार्यासाठी २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. साधन तेच, फरक मार्गदर्शकाचा.

आपल्या तालुक्यापुरते बोलू. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली शिरढोणला झाला. त्यांच्यावर प्रकल्प लिहिताना मूल फोनवर दिसलेला पहिला मजकूर जसाच्या तसा उतरवते. त्याची वही भरते, डोके रिकामेच राहते. दोन ठिकाणची माहिती ताडून पाहणे, ती कोणी व कशावरून लिहिली हे विचारणे, शिरढोणला जाऊन फडक्यांचा वाडा डोळ्यांनी पाहणे, हे माझ्या मते खरे कौशल्य होय.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. त्याच पाहणीत स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के, तर मुली २६.९ टक्के आढळल्या. घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर लेकीने कधी शिकावे?

मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच वेळी वाडीवरील मुलांना जवळ बसवून, आपल्याच फोनवर एक प्रश्न शोधावा कसा आणि उत्तर पारखावे कसे, एवढे शिकवले तरी पुष्कळ होईल. मुलींना आधी बसवावे, एवढीच विनंती.