नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलं, की गळती आणि पार्किंगबरोबर लोकांच्या इस्टेटीची भांडणंही पदरात येतात. त्यातून जे उमगलं ते असं.

१. "नॉमिनी मीच, म्हणजे फ्लॅट माझा." हे वाक्य तेराव्याच्या आतच कानावर पडतं. सहकार कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार सोसायटी नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करून घेते, तेही खरा वारस सभासद होईपर्यंत. शेअर आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनीही मालक होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. हे ऐकून एका गृहस्थांनी शेअर सर्टिफिकेट माझ्या टेबलावर आपटलं. त्यांच्या दोन्ही बहिणी तेव्हा ऑफिसच्या दारातच उभ्या होत्या.

२. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही (तरी करावी). साक्षीदार मात्र दोन हवेतच. ते आपल्याहून तरुण बघा. सकाळी फिरायला येणारे समवयस्क मित्र घेतले, तर उद्या कोर्टात उभं राहायला कोण उरणार? ज्याला वाटा द्यायचा, त्याची सही साक्षीदार म्हणून नको.

३. मूलबाळ नसलेल्या हिंदू विधवेने तर मृत्युपत्र टाळूच नये. ते नसेल, तर १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे तिच्या स्वकमाईचं घरही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं; तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. आमच्याकडच्या एका निवृत्त शिक्षिका हे ऐकून उसळल्याच. "म्हणजे दिराच्या मुलाला? आणि माझं सगळं करते ती भाची?" त्याच आठवड्यात त्यांनी वकील गाठला.

४. कुलमुखत्यारपत्र देणारा गेला की ते संपलं. त्यावर नंतर बँकेचे व्यवहार करू नयेत.

५. राहतं घर मुलाला किंवा नातवाला बक्षीसपत्राने द्यायचं, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये; शहरात वर स्थानिक अधिभार. स्वस्त म्हणून हात शिवशिवतात. पण मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं, बक्षीसपत्र नाही. ते रद्द करायला ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ चा आधार आहे खरा, पण त्यासाठी सांभाळ करण्याची अट दस्तातच लिहून घ्यावी. तोंडी वचनावर विसंबू नये, मुलगा कितीही गुणी असो.

६. बहिणींचं हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. राखीपौर्णिमेला साध्या कागदावर घेतलेली सही घेऊन आलेल्या भावाचा अर्ज मी परत केला.