लूप बरोबर होतं, सर

फॅक्टोरियलचं लूप चुकलेलं नव्हतं. आधी हे लिहून ठेवते, कारण अख्ख्या बॅचसमोर मला ते चुकलंय म्हणून ऐकवलं गेलं, आणि ज्यांनी ऐकवलं त्यांनी ते एकदाही वाचून बघितलं नव्हतं.

बेळगावातला सी प्रोग्रामिंगचा क्लास. नाव कशाला घेऊ? पहिल्याच दिवशी पत्ता सांगितल्यावर सर म्हणाले होते, "हिंडलगा? जेलच्या आत की बाहेर?" सगळे हसले. या विनोदाची आम्हा हिंडलगेकरांना सवय असते. क्लासातल्या शिकवण्याची सवय मात्र शेवटपर्यंत झाली नाही. झेरॉक्स नोट्समधला प्रोग्राम जसाच्या तसा टाइप करायचा, आउटपुट दाखवायचं, टिक घ्यायची, पुढचा प्रोग्राम. नोट्समध्ये फॅक्टोरियलला इनपुट ५, उत्तर १२०. मी ८ दिले. उत्तर आलं उणे २५२१६.

"सर, आठाचं असं कसं ओ येतंय?"

सर जागचे हलले नाहीत. "तुझं लूप चुकलंय की. नोट्स बघून टाइप कर."

"नोट्स बघूनच केलंय ओ सर."

"मग पाचच दे. आगाऊपणा कशाला?"

घरी येऊन वहीत दोन रकाने आखले, एक 'आय'चा, एक 'एफ'चा. एकाला १, दोनाला २, तिनाला ६, चाराला २४, पाचाला १२०, सहाला ७२०, साताला ५०४०, आठाला ४०३२०. लूप आठ वेळा फिरतंय, 'आय' नऊ झाल्यावर थांबतंय. एकही ओळ वाकडी नाही. दुसऱ्या दिवशी वही पुढे केली, तर सरांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. "मशीन चुकत नाही, माणूस चुकतो," म्हणाले, आणि पलीकडच्या पोराची टिक करायला गेले.

शेवटी पुण्याच्या मामेभावाला तोच प्रोग्राम पाठवला. त्याच्याकडे ४०३२० आलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे अजून टर्बो सी आहे काय गं?" आहे म्हटल्यावर हसायलाच लागला. टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये 'इंट', म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा, दोनच बाइटचा. त्यात ३२७६७ पर्यंतच आकडा मावतो. त्याच्या वर गेला की फिरून उणे बाजूला जातो. फोन ठेवला आणि ४०३२० मधून ६५५३६ वजा केले. उणे २५२१६. तंतोतंत तेच! आई जेवायला हाका मारत होती आणि मी तीच वजाबाकी पुन्हा करून बघत होते. आनंद झाला म्हणावं तर रागच जास्त होता. लूप बरोबर, गुणाकार बरोबर, फक्त उत्तर ठेवायला घेतलेला डबा लहान.

सरांना सांगितलं. उत्तर काय, तर "ते सिलॅबसला नाही." पुढच्या बॅचच्या नोट्स शेजारच्या पोरीकडे बघितल्या, तर त्यात पेनाने एक ओळ वाढवलेली: सातपेक्षा मोठी संख्या देऊ नये. का देऊ नये, त्याचा पत्ता नाही.

टर्बो सी बोरलँड कंपनीने १९८७ साली बाजारात आणलं, डॉसच्या जमान्यात. १९९८ साली सुरू झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच बेळगावात, आणि त्याच गावात फी मोजून आम्ही टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनपुढे बसायचं. बरं, ते वापरायला माझी हरकत नाही. पण त्याची मर्यादा पोरांना सांगाल की नाही?

तेव्हा क्लास लावणाऱ्यांनी फी भरण्याआधी एवढंच विचारावं: प्रोग्राम बदलून बघायला देता काय? नाही म्हटले तर परतीची बस धरावी. सराव रोज करावा, हे सगळेच सांगतात, मीही सांगते. पण नोट्समधले शंभर प्रोग्राम उतरवून काढणं हा सराव नाही. ओळीने काम करणं, अटीवर वाट निवडणं आणि पुन्हा पुन्हा करणं, या तीन गोष्टींत कुठलाही हिशोब मांडता येतो, हे बोम आणि याकोपिनी या संगणकशास्त्रज्ञांनी १९६६ सालीच दाखवून दिलंय. म्हणून एकच प्रोग्राम घ्या आणि त्याला छळा. 'पेक्षा लहान किंवा समान'मधलं 'समान' काढा आणि फेऱ्या कितीने कमी झाल्या ते बघा. इनपुट शून्य द्या. 'फॉर'च्या कंसापुढे मुद्दाम अर्धविराम टाका: एक ते पाच छापणारा प्रोग्राम एकदाच ६ छापून गप्प बसेल. 'इफ'मध्ये दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह टाकून मार्क ३५ आहेत काय विचारा, सगळा वर्ग ३५ वर येतो. 'व्हाईल'मध्ये आकडा वाढवायचा राहिला आणि स्क्रीन पळत सुटली तर घाबरून मशीन बंद करू नका, कंट्रोल आणि ब्रेक दाबा. आमच्याकडे अशा वेळी व्हायरस आला म्हणून सांगायचे.

आणि कोणी लूप चुकलंय म्हटलं, तर वही पुढे करून "कुठल्या फेरीत?" एवढंच विचारा. बोट ठेवता आलं नाही तर ऐकून घेऊ नका.

हल्ली मोबाइलवरच्या कंपायलरमध्ये 'इंट' चार बाइटचा असतो, तिथे आठाचं फॅक्टोरियल बिनबोभाट येतं. तिथे १३ घालून बघा. १९३२०५३५०४ येईल. उणे नाही, दिसायला एकदम खरं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. खरं उत्तर ६२२७०२०८०० आहे. त्याला 'लाँग लाँग' लागतो. तुमचे सर काय म्हणतात ते विचारून बघा.