कुत्रं दुसऱ्याला द्यायचं असेल तर आधी एवढं बघा



दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, जालना, अहिल्यानगरच्या कितीतरी वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळी, खुराड्यातल्या कोंबड्या चढतात. लेकरं चढतात. कुत्र्याचं काय करायचं हे मात्र ट्रॉली सुरू होईपर्यंत कुणी ठरवलेलं नसतं. मग ते वेशीपर्यंत मागं पळतं आणि थांबतं. पुढचे पाच महिने ते कुणाच्या दारात काय खाईल याचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो.

ऊसतोड हे एकच कारण नाही. कुणाचा मुलगा पुण्याला नोकरीला लागतो आणि आईलाही सोबत नेतो. कुणाच्या सासूला दम्याचा त्रास होतो. कुणाच्या कुत्रीला सहा पिल्लं होतात आणि घरात एकाचीही सोय नसते. कुत्रं द्यावं लागणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपण बोलतोय ते कसं द्यायचं याबद्दल, कारण घाईत दिलेल्या कुत्र्याचा त्रास त्या जनावरालाही होतो आणि गावातल्या लेकरांनाही.

आधी हे विचारा : द्यायचंच आहे का?

चार-पाच महिन्यांसाठीच जायचं असेल तर कायमचं देण्यापेक्षा सांभाळायला देणं बरं. भावकीत नाहीतर शेजारी कुणीतरी मागं राहणारं असतंच. पण तोंडी "लक्ष ठेवा हं" म्हणून निघू नका. त्याचा खर्च आपण उचलायचा. साधा हिशेब बघा. मध्यम अंगाच्या कुत्र्याला दिवसाला चार भाकरी धरल्या, म्हणजे अंदाजे 400 ग्रॅम पीठ. 150 दिवसांचे झाले 60 किलो. एवढी ज्वारी-बाजरी निघतानाच मोजून त्या घरी ठेवली तर सांभाळणारीला ओझं वाटत नाही आणि तुम्हालाही फडात रात्री घोर लागत नाही. वर अधूनमधून ताक, अंडं ती आपल्या मनानं घालेल.

काही टोळ्या कुत्रं सोबत नेतात, ते कोपीवर राखण करतं. तेही चालतं, पण त्याला रेबीजची लस दिलेली हवी. कारण कोपीत लेकरं त्याच्याच अंगाला लागून झोपतात.

"फुकट देणे आहे"

आता बहुतेक जणी काय करतात? मोबाईलवर फोटो टाकतात : पिल्लू फुकट मिळेल, लवकर संपर्क करा. नाहीतर पिल्लं पाटीत घालून बाजारच्या दिवशी घेऊन बसतात. जो मागेल त्याला दिलं, मोकळे झालो.

फुकटच्या वस्तूला कुणीही हात लावतं. घेणाऱ्यांत चांगली माणसं असतात, पण सगळीच तशी नसतात. लॅब्राडोर, पॉमेरियन असं कुत्रं असेल तर आज फुकट नेऊन उद्या दुसऱ्याला विकणारे आहेत. मादी नेऊन वर्षातून दोनदा तिची पिल्लं काढायची आणि ती थकली की रस्त्यावर सोडायची, हाही धंदा चालतो. कारवानसारखं चपळ कुत्रं ससा-रानडुकराच्या शिकारीसाठी मागून नेतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं अशी शिकार गुन्हा आहे. कुत्र्यांच्या झुंजी लावणं हाही गुन्हाच, तरी कुठं कुठं चोरून लावतात. आणि काही जण वाईट नसतात, फक्त हौशी असतात. पोरानं हट्ट केला म्हणून पिल्लू नेलं, महिन्यानं हौस फिटली, मग पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडलं. हे सगळ्यात जास्त होतं.

मळ्यात राखणीला कुत्रं मागणाऱ्याला एक प्रश्न जास्तीचा विचारा : रात्री ते कुठं असेल? जुन्नर, अकोले, संगमनेर या ऊसपट्ट्यात बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो. उघड्यावर साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. धनगरांच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो तो उगीच नाही. रात्री कुडाच्या आत, दार लावून ठेवणार असतील तरच द्या.

गटाचं कर्ज देतो तसं

कुणाला द्यावं हे कसं ओळखायचं, असं वाटत असेल तर ते तुम्हाला येतंच. गटात कर्जाची मागणी आली की आपण काय करतो? कशासाठी हवं ते विचारतो. फेडायची ऐपत बघतो. आधीचं कर्ज कसं फेडलं ते वहीत बघतो. पाच हजारांसाठी एवढं बघतो, मग जिवंत जनावर देताना दोन प्रश्न विचारायला संकोच कशाला?

विचारा : कुत्रं कशाला हवंय? आधी पाळलं होतं का आणि त्याचं काय झालं? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "दोन होती, दोन्ही गाडीखाली गेली" असं कुणी सहज सांगत असेल तर तिसरं तिथं देऊ नका. घरात भाकर कोण घालणार, हेही विचारा. मागायला येतो बहुतेक गडी माणूस आणि काम पडतं घरातल्या बाईवर. म्हणून तिच्याशी बोलल्याशिवाय होकार देऊ नका. ती "नको बाई, आधीच व्याप थोडे आहेत का" म्हणाली तर तिथंच थांबा.

जमलं तर घर बघून या. दुसऱ्या गावात असेल तर तिथल्या ग्रामसंघातल्या ताईला किंवा पशुसखीला फोन करा. आपल्या प्रभागसंघात गावोगावच्या बाया आहेत, ही ओळख कशासाठी आहे? अनोळखी माणसापेक्षा ओळखीच्या गटातल्या घरी दिलेलं कुत्रं महिन्यानं कसं आहे हे कळतं तरी.

थोडे पैसे घ्यावेत का? माझं मत, घ्यावेत. लसीचा, जंताच्या औषधाचा खर्च झाला असेल तेवढे मागा. याला विकणं म्हणत नाहीत. दोनशे रुपये द्यायला जो कुरकुरतो तो आजारपणात औषध काय आणणार?

लस आधी, देणं नंतर

पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका. डोळेच दोन आठवड्यांनी उघडतात. महिन्याच्या पिल्लाला वाटीनं दूध पाजून जगवू म्हणणारे खूप भेटतात, पण अशी पिल्लं हगवणीनं दगावतात, आणि जगली तरी चावरी होऊ शकतात, कारण दात किती लावायचा हे ती आईकडून आणि भावंडांकडून शिकतात.

रेबीजची पहिली लस तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. जंताचं औषध त्याच्या आधीपासून. गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. 1962 या क्रमांकावर फोन केला तर फिरत्या पथकाचीही माहिती मिळते. लस टोचली की लगेच अंगी लागत नाही, काही आठवडे जातात. म्हणून मोठं कुत्रं द्यायच्या महिनाभर आधी लस द्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी याचा विचार गणपतीतच करावा.

मादी पिल्लं कुणी घेत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. उकिरड्यावर टाकलेली पिल्लं बघा, बहुतेक माद्याच. का ते आपल्याला वेगळं सांगायला नको. नसबंदी केलेली मादी मात्र घरात शांत राहते, राखणही तेवढीच करते आणि दर सहा महिन्यांनी पिल्लांचा प्रश्न उभा राहत नाही. वयात आलेली मादी देणार असाल तर शस्त्रक्रिया करूनच द्या.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार जनावराला भूक-तहानेनं त्रास होईल अशा परिस्थितीत विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये. आकडा वाचून हसू येईल, पण गुन्हा तो गुन्हा. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव कुत्र्याचं लसीकरण आणि जंतनिर्मूलन ही मालकाची जबाबदारी म्हटली आहे.

कुत्रं चावलं तर

नव्या घरी गेलेलं कुत्रं बिथरलेलं असतं, लेकरानं शेपूट ओढलं तर चावू शकतं. हे घेणाऱ्या घरी स्पष्ट सांगा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायची. मिरची, चुना, हळद, तेल काही लावायचं नाही. मांत्रिकाकडं जायचं नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करायची आणि सगळे डोस पुरे करायचे. कुत्रं लस दिलेलं असलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच, आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

देताना

लसीचं कार्ड सोबत द्या. एक चिठ्ठी लिहा, अशी : "मी आमचं कुत्रं (रंग, वय, नाव) अमुक तारखेला अमुक ताईंना सांभाळायला दिलं. लस अमुक दिवशी झाली, पुढची अमुक महिन्यात. जमलं नाही तर ते रस्त्यावर न सोडता मला परत करतील." खाली दोघींच्या सह्या आणि फोन नंबर. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, ती मोठ्यानं वाचून दाखवा.

पंधरा दिवस बघू म्हणून दिलं तर दोन्ही घरांना मोकळं बोलता येतं. कुत्र्याला त्याच्या नेहमीच्या नावानंच हाक मारायला सांगा. ते झोपत होतं ते गोणपाट न धुता सोबत द्या, तो वास त्याला ओळखीचा असतो. पहिले दोन-तीन आठवडे त्याला एकटं मोकळं सोडू नये, नाहीतर ते जुन्या घराच्या वाटेला लागतं आणि मध्येच मोठा रस्ता असतो. दिवसातून दोनदा दोरीनं फिरवावं. पहिल्या रात्री रडेल, जेवणार नाही. दोन दिवस एवढं चालतं, पण तिसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. आणि त्या पंधरा दिवसांत तुम्ही भेटायला जाऊ नका, फोनवरच विचारा.