ताट आणि वाट



नारायणगुड्याहून सुलतान बाजाराच्या मार्गाने नयापुलाकडे गेले, म्हणजे मुसी नदीच्या काठी सालारजंग संग्रहालय लागते. शाळेच्या सहलीत तुम्हांपैकी बहुतेकांनी तेथील ‘अवगुंठित रिबेका’ पाहिली असेल. मुखावरील झिरझिरीत पदर खरोखरच वस्त्राचा आहे असे क्षणभर वाटते. पण तो आहे संगमरवराचा. जोव्हान्नी मारिया बेंझोनी या इटालियन शिल्पकाराची ही कृती पहिले सालारजंग यांनी १८७६ साली रोम येथे विकत घेतली. शाळेत असताना आम्ही चौघे मित्र तिच्यासमोर उभे होतो. आमच्यातील एकजण म्हणाला, “ही तिकडून आपल्याकडे आली. आपण तिकडे कधी जायचे?” त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आम्हांस तीस वर्षे लागली. गतवर्षी वसंत ऋतूत आम्ही चौघे इटलीस जाऊन आलो. त्या प्रवासात जे खाल्ले, जे पाहिले, आणि ज्यावरून आपसांत भांडलो, ते येथे सांगावयाचे आहे.

निघण्यापूर्वी आम्ही एक नियम केला होता. ताटात काही आले किंवा डोळ्यांपुढे काही आले, की एकच प्रश्न विचारावयाचा : ‘हे येथे कोठून आले?’ प्रश्न साधा आहे. परंतु त्याने आम्हांस बरेच शिकविले.

रोममध्ये पहिल्या सकाळी कॉफी घेतली ती उभ्यानेच. तेथे काउंटरपाशी उभे राहून प्यालेली कॉफी स्वस्त पडते. तीच मेजापाशी बसून घेतली, तर पुष्कळदा अधिक पैसे द्यावे लागतात. त्यानंतर पँथिऑन पाहिले. सम्राट हेड्रियनच्या काळात, सुमारे १,९०० वर्षांपूर्वी बांधून झालेली ही वास्तू आहे. तिच्या घुमटाचा व्यास ४३ मीटरांहून अधिक असून जमिनीपासून त्याची उंचीही तेवढीच आहे. माथ्यावर मोठे गोल भोक आहे. पाऊस पडला तर तो सरळ आत येतो.

दुपारी रोमची खास शेवयांसारखी पास्ता मागविली. तीत घटक दोनच : मेंढीच्या दुधाचे चीज आणि काळी मिरी. आम्ही आमचा प्रश्न विचारला, आणि उत्तर घरचेच निघाले. मिरीचे मूळ घर मलबारचा किनारा. रोमन साम्राज्याच्या काळी तेथून जहाजे भरभरून मिरी रोमला जात असे. सम्राट डोमिशियनने तर मिरी व मसाले साठविण्यासाठी शहराच्या मध्यभागी कोठारे बांधविली होती. हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनी या ग्रंथकाराने पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. ते धन आले कोठे? आपल्या नलगोंडा जिल्ह्यातही रोमन नाणी सापडली आहेत.

परंतु याच ताटाने आमच्या शाकाहारी मित्रास संकटात टाकले. ते विशिष्ट चीज करताना कोकराच्या जठरातील द्रव्य घालून दूध फाडतात, हे त्यास अर्धे ताट संपल्यावर कळले. तो काही बोलला नाही. काटा खाली ठेवून पाणी प्याला. आम्हां तिघांस मात्र आपण आधी चौकशी केली नाही याची लाज वाटली. मित्रांबरोबर प्रवास करावयाचा तर सोबत्याचे व्रत हे सर्वांचे व्रत समजावे लागते. त्या दिवसापासून पदार्थ मागविण्यापूर्वी त्याच्यासाठी विचारपूस करण्याचे काम आम्ही पाळीपाळीने केले. नेपल्समध्ये त्यास हवे ते मिळाले : टोमॅटो, लसूण, सुवासिक पाला आणि ऑलिव्हचे तेल घातलेला, चीज नसलेला पिझ्झा. त्याचे नाव ‘मारिनारा’. नेपल्समधील पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेस युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आहे.

येथेही प्रश्न विचारलाच. टोमॅटोवाचून आज इटलीचे स्वयंपाकघर चालावयाचे नाही. पण सीझरने टोमॅटो कधी पाहिलाही नव्हता. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर तो अमेरिकेतून युरोपात आला. आपली गोष्ट निराळी नाही. मिरची, बटाटा, काजू, अननस हे सारे अमेरिकेचे पाहुणे पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्याच्या व पश्चिम किनाऱ्याच्या वाटेने आपल्याकडे पोचले. ‘पाव’, ‘बटाटा’, ‘काजू’, ‘चावी’ हे शब्दही पोर्तुगिजांकडून आलेले. ज्या ठेच्यास आपण अस्सल मराठी म्हणतो, त्यातील मिरची पाचशे वर्षांपूर्वी आपल्या कोणाच्या शेतात नव्हती.

नेपल्सजवळच पाँपेई. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली हे शहर गाडले गेले. रस्त्यांच्या कडेला दगडी ओटे आहेत आणि त्यांत मोठाली भांडी बसविलेली आहेत. ही त्या काळची खाद्यगृहे. एका भट्टीत ८१ पाव सापडले. ते जळून कोळसा झालेले आहेत, परंतु त्यांवर आठ तुकडे करण्याच्या रेघा अजून स्पष्ट दिसतात. ज्यांच्यासाठी ते भाजले, त्यांस ते खाता आले नाहीत. तेथे आम्ही फार वेळ बोललो नाही.

पाँपेईत सापडलेल्या पुष्कळ वस्तू नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहेत. त्यांत वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. ती १९३८ साली उत्खननात मिळाली. तिचे अलंकार, तिची वेणी, दोन बाजूंस उभ्या असलेल्या दासी, हे सर्व भारतीय घडणीचे आहे. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती कोठे मिळाल्या आहेत म्हणाल? जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे, आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे. तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचे गाव. प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनात ‘तगर’ या नावाने उल्लेखिलेली व्यापारपेठ. तेथील माल गाड्यांवर घालून भडोच बंदरास नेत. ही दोन्ही गावे १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यात होती. रिबेका रोमहून हैदराबादेस आली. त्यापूर्वी अठराशे वर्षे ही हस्तिदंती लेक इकडून तिकडे गेली होती. आम्ही चौघेही त्या काचेसमोरून हलेनात.

एथवर सर्व गोडीगुलाबीने चालले होते. वाद झाला तो शेवटच्या दिवसावरून. तिघांच्या मनात फ्लॉरेन्स होते. मी म्हटले, “आपण मोंटोनेस जाऊ.” हे उंब्रिया प्रांतातील टेकडीवरचे लहानसे गाव. दुसऱ्या महायुद्धात ५०,००० हून अधिक भारतीय सैनिक इटलीत लढले. त्यांतील ५,७८२ जण तेथेच पडले. इटलीच्या रणभूमीवर दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांस मिळाले. त्यांतील दोघे मराठा पलटणीचे : सेनिओ नदीवर, ९ एप्रिल १९४५ रोजी, सुरुंगांतून जखमी सोबत्यांस वाहून आणणारे नामदेव जाधव, आणि टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे. घाडगे हे रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, माणगाव तालुक्याचे. वय अवघे २२. त्यांच्या तुकडीतील सर्व सोबती गोळीबारात पडले, तेव्हा ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले, ते ठाणे जिंकले, आणि तेथेच शत्रूच्या गोळ्यांनी कोसळले.

आमच्यातील एक मित्र, जो इतिहासावर नेहमी हिरिरीने बोलतो, म्हणाला, “अरे, तो इंग्रजांचा शिपाई. १९४४ साली आपला देश पारतंत्र्यात, आपले हैदराबाद निजामाच्या अमलाखाली. तो कोणाच्या मिठाला जागला? त्यासाठी मी फ्लॉरेन्स सोडू?” मला उत्तर सुचले नाही. शेवटी शाकाहारी मित्र म्हणाला, “मिरीला, टोमॅटोला, हस्तिदंताला आपण विचारले, तू येथे कसा आलास? मग आपल्याच माणसाला का विचारू नये?” त्या बोलण्यावर वाद मिटला.

पेरुजा येथे उतरून आम्ही मोटारीने मोंटोनेस गेलो. २०२३ साली त्या गावाने घाडगे यांचे स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. त्यावरील लॅटिन वचनाचा आशय असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. घाडगे यांची समाधी कोठेही नाही. ज्यांच्या थडग्यांचा ठाव लागला नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांबरोबर त्यांचे नाव कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे.

दुपार झाली होती. पेरुजास घेतलेला पाव काढला व जवळच्या भिंतीच्या सावलीत बसलो. उंब्रियातील पाव मिठावाचून करतात. आपल्या जिभेस तो अगदी अळणी लागतो. घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी थोडी उरली होती, ती वाटून घेतली. भांडणारा मित्र बराच वेळ पावाचा तुकडा हातात धरून होता. मग हळूच म्हणाला, “इंग्रजांचे मीठ त्याने खाल्ले असेल. पण या गावाचे मीठ त्याने कधी खाल्ले नव्हते.” एवढे बोलून त्याने घास घेतला. पारतंत्र्यातील माणूस दुसऱ्यांच्या मुक्ततेसाठी कसा मरतो, याचा निवाडा आम्हांकडून झाला नाही. परंतु फ्लॉरेन्स राहिले याचे दुःख परतीच्या वाटेवर कोणीही बोलून दाखविले नाही.

मित्रहो, इटलीस जाण्याचा योग तुम्हांपैकी काहींस येईल, काहींस येणार नाही. हा प्रश्न विचारण्यास मात्र तिकीट लागत नाही. पुढच्या रविवारी रिबेकेसमोर उभे राहा आणि तिला विचारा. रात्री ताटावर बसल्यावर मिरचीला विचारा. आणि घरात आजोबा-आजी असतील, तर त्यांनाही आदराने विचारा की आपले घराणे या भागानगरीत कोठून व कसे आले. उत्तर मिळाले, म्हणजे ते पुढच्या वर्षी याच अंकासाठी लिहून पाठवा.