नेटवर्कवर कोण आले, कोण गेले? : उपकरणांची आपोआप नोंद

गोदामात किती गाठी माल पडून आहे, हे कोणताही व्यापारी स्टॉक बुक उघडून सांगेल. पण त्याच पेढीच्या वायरवर आणि वाय-फायवर किती यंत्रे जोडलेली आहेत असे विचारले, तर मालक बोटांवर मोजू लागतात. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, चार कॅमेरे, आणि तिथेच थांबतात. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, कार्ड स्वाइप करण्याचे मशीन, हजेरीचे अंगठा मशीन, वरच्या मजल्यावरचा टीव्ही, नोकरांचे मोबाईल यांची आठवण कुणाला होत नाही. ही मोजणी नेटवर्ककडूनच कशी करून घ्यावी आणि तिची नोंद कशी ठेवावी, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत. पेढीचे मालक, तसेच नेटवर्किंगचा कोर्स करून या धंद्यात उतरू पाहणारे तरुण, अशा दोघांनाही ती उपयोगी पडावी.

मोजणी कशासाठी?

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील डिन या कंपनीवर मोठा हल्ला झाला आणि अनेक नामांकित वेबसाइट काही तास बंद पडल्या. हल्ल्यासाठी वापरलेली यंत्रे होती सर्वसामान्य लोकांच्या घरांतले आणि दुकानांतले कॅमेरे, रेकॉर्डर व राउटर. मिराई नावाचा प्रोग्राम कारखान्यातूनच आलेल्या साठाहून अधिक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक लावून पाहत असे. ज्यांनी पासवर्ड बदलला नव्हता, त्यांची यंत्रे परक्याच्या हाती गेली. जे यंत्र मालकाच्या यादीतच नाही, त्याचा पासवर्ड बदलायचे कुणाला सुचणार?

आपल्याकडेही २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार कंपन्यांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. यंत्रांची यादी हाताशी नसेल, तर सहा तासांत नेमके काय कळवणार?

दोन पत्ते

नेटवर्कवरील यंत्राला दोन पत्ते असतात. पहिला मॅक पत्ता. तो गाडीच्या चॅसिस नंबरासारखा, कारखान्यात बसवलेला असतो. त्यात बारा खुणा असतात. त्यांपैकी पहिल्या सहा बहुधा आयईईई या संस्थेने उत्पादकाला दिलेल्या असतात, म्हणून मॅक पत्त्यावरून कंपनीचे नाव कळू शकते. दुसरा आयपी पत्ता. तो गाडी उभी करण्याच्या जागेसारखा आहे. आज इथे, उद्या तिथे. नवशिके नोंद करतात ती आयपी पत्त्याखाली, आणि पुढचा सारा गोंधळ तिथून सुरू होतो.

शोधण्याच्या पद्धती

पहिली पद्धत डीएचसीपीची. १९९३ मध्ये ठरलेली आणि १९९७ मध्ये सुधारलेली ही रीत आजही चालते. नवे यंत्र जोडले की ते सर्वांना उद्देशून विचारते, पत्ता कोण देईल? राउटर एक पत्ता देऊ करतो, यंत्र त्याची मागणी करते आणि राउटर मंजुरी देतो. हा पत्ता ठरावीक मुदतीसाठी, भाड्याने दिल्यासारखा असतो. राउटरमधील ही भाडेकरूंची यादी उघडली की निम्मे काम झाले. मात्र कॅमेरे आणि प्रिंटर यांना कारागीर अनेकदा हाताने कायमचा पत्ता घालून देतात. ते राउटरकडे मागायला जातच नाहीत आणि यादीत दिसत नाहीत.

दुसरी पद्धत हाक मारण्याची. लहान कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये साधारणतः २५४ पत्ते वापरता येतात. प्रत्येकाला पिंग पाठवून उत्तर येते का ते पाहायचे. पण पुष्कळ कॉम्प्युटर सुरक्षेसाठी पिंगला उत्तर देत नाहीत. तिथे एआरपी कामास येते. १९८२ पासूनच्या या रीतीत ‘अमुक आयपी पत्ता कुणाचा?’ असे विचारतात. याला उत्तर दिल्यावाचून यंत्राला शेजाऱ्याशी बोलताच येत नाही, म्हणून पिंगला गप्प बसणारेही इथे बोलते होतात. अडचण एवढीच की, ही हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. दुसऱ्या शाखेतील मोजणी त्या शाखेतूनच करावी लागते. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत तर पत्ते इतके अफाट असतात की एकेकाला हाक मारणे अशक्यच. तिथे राउटरची शेजाऱ्यांची यादी वाचावी.

तिसरी पद्धत स्विचला विचारण्याची. व्यवस्थापनाची सोय असलेला स्विच कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टवर आहे याची नोंद ठेवतो, आणि ती एसएनएमपीद्वारे मागता येते. अनोळखी यंत्र कोणत्या टेबलाखालच्या वायरवर आहे, ते यातूनच सापडते. जुन्या आवृत्त्यांत अनेकदा ‘पब्लिक’ हाच परवलीचा शब्द ठेवलेला असतो. तो बदलावा, आणि शक्य तेथे तिसरी आवृत्ती वापरावी.

पद्धती तीन सांगितल्या, पण एकीवर विसंबून राहू नये. तिन्ही याद्या जुळवून पाहाव्यात. जे एकीत आहे आणि दुसरीत नाही, तिथेच तपासणीची गरज असते.

शोध वेगळा, नोंदणी वेगळी

झॅबिक्स या मोफत सॉफ्टवेअरचे उदाहरण घेऊ. त्यात दोन मार्ग आहेत. एका मार्गात सर्व्हर स्वतः ठरलेल्या वेळाने पत्त्यांची तपासणी करतो आणि सापडलेले यंत्र नियमानुसार योग्य गटात घालतो. दुसऱ्यात प्रत्येक कॉम्प्युटरवर बसवलेला छोटा प्रोग्राम स्वतःच सर्व्हरला कळवतो की, मी आलो आहे. शंभर यंत्रे असतील तर यामुळे मोठे श्रम वाचतात. परंतु जो स्वतःचे नाव सांगेल त्याला आत घ्यायचे, असा कारभार ठेवला तर परकाही नाव सांगून यादीत बसेल. यासाठी गुप्त किल्ली लावण्याची सोय आहे, ती अवश्य वापरावी.

आमचे सांगणे असे की, शोध आपोआप होऊ द्यावा, मान्यता मात्र माणसाने द्यावी. नवे यंत्र प्रथम ‘प्रतीक्षेत’ या रकान्यात जावे. कुणाचे, कशासाठी, कुठे ठेवलेले, हे जबाबदार व्यक्तीने लिहिल्यावरच ते ‘मान्य’ व्हावे. गोदामात आलेली गाठ चलन पाहिल्याशिवाय आपण जमा करत नाही, तसेच हे.

नोंदीत दोन गफलती नेहमी होतात. लॅपटॉपला वायरचा एक आणि वाय-फायचा एक असे दोन मॅक पत्ते असतात, त्यामुळे एकच यंत्र दोनदा मोजले जाते. अनुक्रमांकही लिहिला तर हे टळते. दुसरी गफलत मोबाईलची. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन वाय-फायवर खऱ्याऐवजी बनावट मॅक पत्ता दाखवतात. त्यामुळे जुनाच फोन नवा वाटू शकतो. नोकरांचे आणि पाहुण्यांचे फोन वेगळ्या वाय-फायवर ठेवले की हिशेबाच्या कॉम्प्युटरांची यादी स्वच्छ राहते.

सुरुवात कशी करावी?

मालकाने आधी आठवणीने यादी लिहावी. मग राउटरची यादी घ्यावी आणि १९९७ पासून उपलब्ध असलेल्या एनमॅप या मोफत साधनाने मोजणी करावी. समजा, आठवणीत अकरा यंत्रे निघाली आणि मोजणीत सतरा. त्या सहांपैकी प्रत्येकाजवळ जाऊन, चिठ्ठी चिकटवून, पासवर्ड बदलून नोंद करावी. ज्याचा कुणी धनी नाही, त्याची वायर काढावी. ही मोजणी दर महिन्याला व्हावी.

या धंद्यात उतरणाऱ्या तरुणांना एक सूचना. दुसऱ्याच्या नेटवर्कची तपासणी लेखी परवानगीशिवाय कधीही करू नये. परवानगी नसताना संगणकात वा नेटवर्कमध्ये शिरणाऱ्यावर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ व ६६ अन्वये कारवाई होऊ शकते. देखभालीचा वार्षिक करार करताना आधी मोजणी करावी, यादीवर मालकाची सही घ्यावी आणि त्यानंतरच दर सांगावा. अकरा यंत्रांचा दर ठरवून सतरा सांभाळावी लागली, तर तोटा आपला. आणि ज्यांची नोंदच नव्हती त्यांपैकी एखाद्यातून चोर शिरला, तर बोल मात्र आपल्यालाच लागेल.