तापलेलें अंग आणि तापलेलें बेट

या वर्षींच्या क्रीडासप्ताहाच्या पहिल्या दिवशीं आठवीच्या वर्गांतील एक विद्यार्थी आमच्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "सर, अंगांत जराशी कसर आहे. तरी १,५०० मीटरच्या शर्यतींत धांवलों तर चालेल ना?" त्याचें नांव यादींत होतें, वर्गाची सारी भिस्त त्याच्यावर होती, आणि 'नाहीं' हें उत्तर ऐकण्याची त्याची मुळींच इच्छा नव्हती. हाच प्रश्न कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं स्वतःला विचारला होता आणि त्याचें उत्तर चुकीचें दिलें होतें. तें कां चुकलें हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मॅरेथॉन ही ४२·१९५ किलोमीटरांची शर्यत. १९०८ सालीं लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत हें अंतर प्रथम योजिलें गेलें व १९२१ सालीं तें कायमचें ठरलें. तिच्या निम्मी ती अर्धमॅरेथॉन. म्हणजे २१ किलोमीटर व वर जवळजवळ १०० मीटर. सराव केलेल्या साधारण मनुष्यास ती पुरी करण्यास दोन ते अडीच तास लागतात. आमची धाकटी बहीण सिंगापुरास राहते. तिच्या आग्रहावरून तेथील अशा एका शर्यतींत आम्हीं नांव घातलें. चार महिने रोज पहांटे उठून सराव केला. मुंबईहून सुमारें ३,९०० किलोमीटरांचा विमानप्रवास केला. आणि शर्यतीस तीन दिवस उरले असतां आमचा घसा धरला, अंग मोडून आलें व संध्याकाळीं थोडा ताप भरूं लागला.

पुढची हकीकत समजण्यास त्या बेटाची हवा प्रथम समजली पाहिजे. सिंगापूर हें विषुववृत्ताच्या उत्तरेस दीड अंशाच्याही आंत वसलेलें बेट आहे. त्याची पूर्वपश्चिम लांबी सुमारें ५० किलोमीटर आहे. तेथें आपल्यासारखा उन्हाळा नाहीं व हिवाळाही नाहीं. बारा महिने दुपारीं ३१-३२ अंश सेल्सिअस आणि रात्रीं २४-२५ अंश, असा तेथील क्रम. ऊन टाळण्यासाठीं तेथील मोठ्या शर्यती पहांटे काळोखांत सुरू होतात. आम्हांस वाटलें, पहांटेची वेळ म्हणजे गारव्याची वेळ. मग भीति कसली? परंतु येथेंच पहिली चूक झाली. त्या बेटावर सूर्योदयापूर्वीं हवेंतील आर्द्रतेचें प्रमाण शेंकडा ९० च्या वर असतें. पाऊस नसलेल्या दिवशीं दुपारीं तें ६० च्या आसपास उतरतें. म्हणजे जी वेळ त्यांतल्या त्यांत थंड, तीच सर्वांत दमट.

दमट हवेचें एवढें भय कां, हें पाहण्यासाठीं एक साधें गणित करूं. सपाट रस्त्यावर धांवतांना शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागें दर किलोमीटरास सुमारें १ किलोकॅलरी शक्ति खर्च होते. धांवणाराचें वजन ६० किलोग्रॅम धरिलें, तर २१ किलोमीटरांस १,२६० किलोकॅलरी खर्च झाल्या. यांपैकीं निदान तीन चतुर्थांश, म्हणजे सुमारें ९४५, नुसती उष्णता होऊन बसतात. कारण स्नायूंचें यंत्र आगगाडीच्या इंजिनाप्रमाणेंच पुष्कळसें इंधन तापण्यांत घालवितें. आतां ६० किलोग्रॅम वजनाचें शरीर १ अंशानें तापण्यास सुमारें ५० किलोकॅलरी पुरतात. ही सारी उष्णता आंतच कोंडली, तर शरीर जवळजवळ १९ अंशांनीं तापेल; म्हणजे ३७ वरून ५६ वर जाईल! मनुष्य त्याच्या फार आधींच मरण पावेल.

असें होत नाहीं, याचें कारण घाम. एक लिटर घामाची वाफ होतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरांतून निघून जाते. वरील हिशेबानें दीड लिटराहून थोडा अधिक घाम वाळला कीं काम भागलें. पण येथें 'वाळला' या शब्दाकडे नीट लक्ष द्यावें. घाम नुसता गळून उपयोग नाहीं, तो वाळला पाहिजे. देशावर वैशाखांत माठांतील पाणी गार होतें, कारण माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी कोरड्या हवेंत भराभर वाळतें. तोच माठ आषाढांत कोंकणांत ठेवा. त्याचें अंग ओलें राहील, पण पाणी तसें गार होणार नाहीं. सिंगापुरांत पहांटे धांवणारा मनुष्य हा आषाढांतला माठ होय. त्याच्या कोपरांवरून घामाच्या धारा लागतात. त्या जमिनीवर पडतात, आणि शरीरांतलें पाणी व मीठ व्यर्थ जातें.

आतां ताप म्हणजे काय तें पाहूं. मेंदूच्या तळाशीं एक लहानसें केंद्र आहे. शरीराची उष्णता ३७ अंशांच्या आसपास राखणें हें त्याचें काम. रोगजंतु शरीरांत शिरले कीं तेंच केंद्र आपली मर्यादा मुद्दाम वर नेतें. म्हणून थंडी वाजते, हुडहुडी भरते आणि अंग तापतें. जंतूंशीं लढण्याची ही शरीराची रीतच आहे. परंतु त्याच वेळीं धांवावयास निघालें तर हिशेब कसा बिघडतो पाहा. निरोगी मनुष्य ३७ अंशांवर निघतो. शरीराची उष्णता ४० अंशांपलीकडे जाऊन मेंदूचें काम बिघडूं लागलें, कीं त्यास डॉक्टर उष्माघात समजतात. म्हणजे निरोगी मनुष्याच्या हातीं तीन अंशांची शिल्लक असते. ३८ अंश ताप असलेल्याच्या हातीं दोनच. शर्यत सुरू होण्यापूर्वींच एक तृतीयांश भांडवल खर्चीं पडलें! शिवाय दर अंश तापामागें नाडीचे ठोके मिनिटास सुमारें दहांनीं वाढतात. एकट्या हृदयावर तीन मागण्या येतात: स्नायु रक्त मागतात, घाम काढण्यासाठीं कातडी रक्त मागते, आणि आजाराचा भार तर आधींचाच.

हें सारें शास्त्र आम्ही आज सांगत आहों. त्या दिवशीं पहांटे तीन वाजतां मात्र आमच्या मनांत एकच गोष्ट होती: इतक्या दुरून आलों, आतां मागें कसें फिरावें? बहिणीनें दाराशीं कपाळाला हात लावून पाहिला व म्हणाली, "दादा, अंग कोमट लागतें आहे. आज जाऊं नकोस." आम्हीं ताप उतरण्याची गोळी घेतली, अर्ध्या तासानें उष्णतामापक लावून पाहिला, ३७ अंश! तो तिला विजयानें दाखविला. आठ वर्षांच्या भाच्यानें रंगीत खडूंनीं एक फलक तयार केला होता: "मामा, धांव!" तो घेऊन शर्यतीच्या शेवटीं उभें राहण्याचें त्यानें ठरविलें होतें. तो फलक पाहिल्यावर तर आम्ही कोणाचेंच ऐकण्याच्या स्थितींत नव्हतों.

पहिले १० किलोमीटर ठरल्या वेळांत गेले. समुद्रकांठचा रस्ता, दिव्यांच्या रांगा, हजारों पावलांचा एकच नाद. मन प्रसन्न होतें. तेराव्या किलोमीटराच्या सुमारास, इतक्या उकाड्यांत, अंगावर शहारे आले व थंडी वाजूं लागली. ही धोक्याची सूचना होती. आम्हांस ती वाऱ्याची झुळूक वाटली. पंधराव्या किलोमीटराची पाटी दिसली, तेव्हां २१ मधून १५ गेले तर किती उरले, हें आम्हांस कांहीं केल्या सांगतां येईना. जो मनुष्य वर्गांत गणित शिकवितो, त्याला एवढी वजाबाकी साधेना! पुढें पाणी वाटणाऱ्या टेबलापाशीं पंधरा-सोळा वर्षांची एक स्वयंसेविका उभी होती. तिनें इंग्रजींत विचारलें, "आपणांस बरें वाटतें ना?" आम्हीं उत्तर दिलें तें मराठींत, आणि तेंही भलतेंच. त्या मुलीनें क्षणाचाही विलंब लाविला नाहीं. तिनें आमचा दंड धरला, आम्हांस खालीं बसविलें आणि मदत बोलाविली. अशा वेळीं मनुष्य असंबद्ध बोलूं लागला तर तें मोठें भयचिन्ह आहे, हें तिला शिकविलेलें होतें. आणि शिकविलेलें तिनें वेळेवर आठवलें.

तंबूंत ताप मोजला तो ३९·६ अंश निघाला. कांखांत व मानेपाशीं बर्फ ठेवला, अंगावर गार पाण्यानें भिजविलेले टॉवेल घातले. अर्ध्या तासानें आमची वजाबाकी जमूं लागली. तेथील डॉक्टर म्हणाले, "गोळीनें ताप उतरला होता, आजार उतरला नव्हता." इकडे भाचा फलक हातांत घेऊन नऊ वाजेपर्यंत शेवटच्या कमानीपाशीं उभा होता. आम्ही घरीं आल्यावर त्यानें विचारलें, "मामा, तू हरलास का?" त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आज सुचतें: होय बाळ, हरलों, पण सोळाव्या किलोमीटराजवळ नव्हे. पहांटे तुझ्या आईचा हात कपाळावरून बाजूला सारला, तेव्हांच हरलों.

आमचें थोडक्यावर निभावलें. सर्वांचें निभावत नाहीं. १९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिक सामन्यांत, कडक उन्हाच्या दिवशीं, पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा मॅरेथॉन धांवतां धांवतां कोसळला आणि दुसऱ्या दिवशीं मरण पावला. १९५४ सालीं व्हँकूव्हर येथें इंग्लंडचा जिम पीटर्स इतरांच्या कितीतरी पुढें असा क्रीडांगणांत शिरला. पण उष्णतेनें त्याचें भान इतकें हरपलें होतें कीं तो पुनः पुनः पडला, शर्यत पुरी करूं शकला नाहीं, व त्यानंतर कधींच शर्यतींत उतरला नाहीं. ही झाली उष्णतेची गोष्ट. आजाराची गोष्ट याहून गुप्त आहे. फ्लू किंवा घशाचे आजार ज्या विषाणूंमुळें होतात, त्यांपैकीं कांहीं हृदयाच्या स्नायूंतही शिरूं शकतात व तेथें दाह उत्पन्न करितात. स्वीडन देशांत १९७९ ते १९९२ या काळांत, नकाशा व होकायंत्र घेऊन रानांतून धांवण्याच्या खेळांतील १६ तरुण खेळाडू अकस्मात् मृत्यु पावले. त्यांपैकीं कित्येकांच्या हृदयांत अशा दाहाच्या खुणा आढळल्या. हीं माणसें दुबळीं नव्हतीं. देशांतल्या बळकट तरुणांपैकीं होतीं. बळकटपणा हा आजाराविरुद्ध परवाना नव्हे.

आतां आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगे नियम थोडक्यांत सांगतों.

पहिला नियम मानेचा. नुसतें नाक वाहत असेल, शिंका येत असतील, पण ताप नसेल, तर हलका व्यायाम करून पाहण्यास हरकत नाहीं. ताप, छातींतला खोकला, अंगदुखी, उलटी किंवा जुलाब यांपैकीं कांहीं असेल तर शर्यत नाहींच.

दुसरा नियम गोळीचा. गोळी घेऊन ताप उतरविला व धांवलों, हें स्वतःस फसविणें होय. कांहीं वेदनाशामक गोळ्या तहानलेल्या शरीरांत मूत्रपिंडास अपाय करितात, आणि पडशावरील कांहीं औषधें घाम कमी करितात.

तिसरा नियम पाण्याचा. तहानेप्रमाणें पाणी प्यावें. भयानें पोट फुगेपर्यंत पिऊं नये. २००२ सालीं बोस्टनच्या मॅरेथॉनमध्यें ४८८ धांवणारांचें रक्त तपासलें, तेव्हां शेंकडा १३ जणांच्या रक्तांतील मिठाचा अंश धोकादायक रीतीनें उतरलेला आढळला. बहुधा अतिरिक्त पाणी पिण्यानें.

चौथा नियम संवयीचा. कोरड्या गांवांतून दमट गांवीं गेल्यास शरीरास तेथील हवेची संवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढा अवधि नसेल, तर गति कमी करावी.

पांचवा नियम सोबत्याचा. धांवणारा लटपटूं लागला, भलतें बोलूं लागला, तर त्यास थांबवावें, सांवलींत न्यावें, कपडे सैल करावे आणि गार पाण्यानें अंग भिजवीत राहावें. डॉक्टरांस बोलवावेंच; पण ते येईपर्यंत थंड करण्याचें काम थांबवूं नये.

पालकांसही एक विनंति आहे. मुलानें बक्षीस आणावें ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु सकाळीं घरांतून निघतांना मुलाच्या कपाळाला हात लावण्याचें काम शिक्षक करूं शकत नाहींत. तें घरचेंच काम आहे. आणि 'आज जाऊं नकोस' असें सांगितल्यावर, मूल रडलें तरी शब्द फिरवूं नये.

त्या आठवींतल्या विद्यार्थ्यास आम्हीं ही सारी हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग डोळे पुसून म्हणाला, "सर, मग मी फेऱ्या मोजूं का?" आम्हीं त्याला सांवलींत टेबलाजवळ बसविलें व हातीं घड्याळ दिलें. त्याच्या वर्गास त्या शर्यतींत बक्षीस मिळालें नाहीं. संध्याकाळीं त्याला १०२ फॅरनहाइट ताप भरला. दहा दिवसांनीं तो पुन्हां मैदानावर आला, आणि पहिल्या दिवशीं फक्त दोन फेऱ्या चालून, आपण होऊन थांबला.